धूर कुठे वळतो

आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गुरुग्रामला येणार म्हटल्यावर मी सगळी तयारी करून ठेवली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, थेंबांच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांची रबरं लावली, आणि दिवसभरात काय केव्हा करायचं याची यादी फ्रिजवर चिकटवली. आईने बॅग ठेवली, पाणी प्यायलं आणि चष्मा वर करून यादी वाचली.

"ह्यात उदबत्ती कुठाय?"

मला वाटलं देवपूजा म्हणतेय. मी खाली लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उदबत्ती लावली, देवाला जेमतेम दाखवली आणि ती घेऊन घरभर फिरली. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात थांबायची, गुडघ्यावर हात टेकून वाकायची, उदबत्ती फरशीजवळ धरायची आणि धुराकडे बघत राहायची. माझी मुलगी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"आज्जी, कोपऱ्यांची पूजा? सो क्यूट यार."

"पूजा कायची? हवा पाहून राहिली," आई म्हणाली. न्हाणीघराच्या दाराशी धूर एकदम आडवा होऊन आत ओढला गेला, तशी ती मान हलवून म्हणाली, "तुमच्या घराचं नाक न्हाणीत आहे."

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. हे सगळं आईचं गावाकडचं रोजचं काम आहे हे मला माहीत होतं, पण बाराव्या मजल्यावरही ती ते करील असं वाटलं नव्हतं.

मुलीला मी कधी सांगितलं नव्हतं. आमची दिल्लीतली सगळी वर्षं आधी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि मग इथे गेली. तिला आज्जीचं गाव म्हणजे मे महिन्यातले आठ दिवस, एवढंच ठाऊक. त्या दिवशी ऑफिसला जाताना ती गाडीत माझ्याबरोबर होती, आणि कस्तुरबा गांधी मार्ग येईपर्यंत मी तिला जमेल तेवढं सांगितलं.

आमचं गाव विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात आहे. तिथली खाण भुयारी होती. जमिनीच्या पोटात कोळसा खणताना मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात, छत तोलून धरायला. शेवटी ते खांबही काढून घेतात आणि मागचं छत कोसळू देतात. वर राहणाऱ्यांना सुरुवातीला काहीच कळत नाही. मग एक दिवस दार चौकटीत अडकायला लागतं. भिंतीत केसाएवढी रेघ दिसते, पुढच्या वर्षी तीत बोट जातं. सपाट शेत ताटलीसारखं मधोमध खोल होतं. आणि विहिरी आटतात. आमच्या अंगणातल्या विहिरीला दर उन्हाळ्यात दोर वाढवावा लागायचा. एका उन्हाळ्यात बादलीत चिखल आला आणि मग तोही आला नाही. खाणीतले पंप मात्र चालू होते. खालचं पाणी उपसून ते नाल्यात सोडायचे. आमच्या विहिरीचं पाणी काळं होऊन नाल्यातून जाताना आम्ही शाळेच्या वाटेवर बघायचो.

पाणी गेल्यावर विहीर श्वास घ्यायला लागली. दुसरा शब्द मला सुचत नाही. आभाळ भरून आलं की तिच्यातून गार, ओलसर, शिळी हवा वर यायची आणि काठावरची तुळस हलायची. ऊन पडलं, आभाळ निवळलं की ती हवा आत ओढून घ्यायची. वाळकं पान काठावर ठेवलं तर सरकत सरकत आत जायचं. आम्ही मुलं तो खेळ खेळायचो.

बाबा खाणीत सरदार होते. आमच्याकडे सरदार म्हणजे पाळीच्या आधी हातात दिवा घेऊन पुढे जाणारा माणूस. दिव्याची ज्योत बघून तो हवा चांगली की वाईट ते सांगतो, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय मागची माणसं पाऊल टाकत नाहीत. बाबांनी नोकरीत दिव्याशिवाय एक पाऊल टाकलं नसेल. मी अकरावीत असताना एका ढगाळ दुपारी ते आमच्या विहिरीत उतरले. तळाशी कुठून भेग पडलीय ते बघायचं होतं. हातात दिवा नव्हता. घरची विहीर होती. लहानपणी ते तिच्यात पोहायला शिकले होते.

ते तळापर्यंत पोचले आणि बसले. वरून तसंच दिसलं, दमून बसल्यासारखं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक काका-काकू राहायचे. काकाही सरदारच होते. ते धावत आले, खाली बघितलं आणि काठावर आडवे हात करून उभे राहिले. माझा मामा दोर बांधून उतरायला निघाला तर त्यांनी त्याला कॉलर धरून मागे फेकलं. आई त्यांच्या पाया पडली, मग तिने त्यांना मारलं, ती त्यांच्या हाताला चावली. त्यांनी कुणालाही उतरू दिलं नाही. खाणीतली माणसं हवेची नळकांडी पाठीला लावून आली तोवर फार उशीर झाला होता. तो उशीर नंतर कुणी मोजला नाही, पण आईने तो काकांच्या नावावर लिहिला. त्या घराशी ती पुन्हा बोलली नाही. काका म्हातारे होऊन गेले तेव्हा ती अंगणात उभी राहिली, पण भिंतीपलीकडे गेली नाही. काकूही तशाच. दोघी एकमेकींच्या भांड्यांचा आवाज ऐकत राहिल्या, बोलल्या मात्र नाहीत.

"आणि मग आज्जी तिथेच राहिली?" मुलीने विचारलं.

तिथेच राहिली. रोज सकाळी उदबत्ती. धूर भिंतीच्या भेगेत ओढला गेला तर दिवस ठीक. भेगेतून उलटा खोलीत ढकलला गेला तर खिडक्या उघड्या टाकायच्या, स्वयंपाक अंगणात, दुपारी जमिनीवर कुणी निजायचं नाही. ही युक्ती बाबांचीच. विहीर आटल्यावर त्यांनीच ती तिला शिकवली होती. वाईट हवा जड असते, खाली साचते, तिला वास नसतो. बाबा तिला मेलेली हवा म्हणायचे.

ऑपरेशन नीट झालं. आई काळा चष्मा लावून संध्याकाळी सोसायटीच्या बागेत फिरायला लागली. बागेच्या टोकाला एक जुनं बोअरवेल आहे. पाणी केव्हाच खोल गेलं, आता सोसायटीत टँकर येतो, आणि बोअरचा लोखंडी पाईप झाकण सैल होऊन उभा आहे. वारं सुटायच्या आधी तो बारीक शिट्टी वाजवतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या तक्रारी होत्या. मुलांनी तिथे भूत आहे असं ठरवून टाकलं होतं. मी कमिटीची सेक्रेटरी असल्यामुळे ते भूत माझ्याकडे आलं होतं. आमचे खजिनदार म्हणजे निवृत्त अधिकारी, सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, एक बोरी सिमेंट डाल देते हैं. किस्सा खतम."

शेजारच्या प्लॉटवर बिल्डरने तळघरासाठी प्रचंड खड्डा खणला होता. त्यात लागणारं पाणी पंप दिवसभर उपसत होता आणि ते रस्त्याकडेच्या गटारात जात होतं. आई कुंपणाशी उभी राहून ते बघायची.

"हे कोणाचं पाणी आहे?" एकदा तिने विचारलं.

"कुणाचं नाही, आई. जमिनीतलं."



खजिनदार गवंड्याला घेऊन आले तेव्हा आई आधीच पाईपापाशी होती. हातात उदबत्ती. धूर पाईपाच्या तोंडाशी गेला आणि फुंकर मारल्यासारखा लांब फेकला गेला.

"आज वादळ येईन," ती म्हणाली.

दुपारी धुळीची आंधी आली आणि सिमेंटचं काम राहिलं. बाल्कनीतल्या कुंड्या पडल्या, एकाची सोलरची प्लेट उडाली. खजिनदार दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा हात जोडून म्हणाले, "आंटीजी, आपको तो मौसम विभाग में होना चाहिए था."

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते बुजवू नको."

"आई, इथे खाली खाण नाही. नुसतं कोरडं बोअर आहे. वरच्या हवेचा दाब कमी झाला की आतली हवा बाहेर येते, वाढला की आत जाते. बाकी काही नाही."

"मले सांगतेस? तुह्या बाबांनी मले हे सांगितलं तेव्हा तू आत बसून पाठांतर करून राहिली होतीस." मग म्हणाली, "हवा कुठून तरी निघतेच. एक तोंड बुजवलं का दुसरं शोधते. ते दुसरं कुठं आहे हे तुले माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. मी सिमेंट रद्द केलं आणि पाईपाला जाळीचं नवं झाकण लावायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात, शनिवारी, दुपारची जेवणं झाल्यावर भावाचा फोन आला. भाऊ तालुक्याच्या गावी राहतो. मी फोन स्पीकरवर टाकला, कारण आईला त्याचा आवाज आवडतो.

"ताई, एक मोठं काम झालं," तो म्हणाला. "विहीर बंद करून टाकली. कंत्राटदार म्हणाला, खाण बंद झाल्यापासून गावात तीन-चार विहिरी अशाच उघड्या आहेत, कुणाचं पोर पडंल. काल राख-माती भरली, आज सकाळी वर स्लॅब टाकला. आई, आता तुह्या मागची कटकट गेली."

आई पलंगावर आडवी होती. उठून बसली.

"तिकडं आभाळ आहे का?" तिने विचारलं.

"काय?"

"आभाळ आलं आहे का, ते सांग."

"आलंय ना. सकाळपासून भरलंय. अवकाळी पडंल वाटते. काहून?"

आईने पाय खाली घेतले, चपला शोधायला लागली. जणू चालत निघणार होती. मग थांबली. माझ्याकडे बघितलं. काळ्या चष्म्यामुळे मला तिचे डोळे दिसत नव्हते.

"ती दुपारी खाली निजते," ती म्हणाली. "मागच्या खोलीत. भिंतीशी."

कोण ते विचारावं लागलं नाही. भिंतीपलीकडच्या काकू. त्यांच्याशी इतकी वर्षं न बोललेल्या आईला त्या दुपारी कुठे निजतात, चटई कुठल्या बाजूला अंथरतात, सगळं माहीत होतं. भिंतीतून ऐकून.

खाण बंद झाल्यावर पंपही बंद झाले होते. पोकळीत पाणी पुन्हा चढत होतं आणि शिळी हवा वर ढकलत होतं. इतकी वर्षं ती विहिरीतून निघायची. आता विहिरीवर स्लॅब होता, वर आभाळ होतं, आणि दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीखाली जुनी भेग होती. हे सगळं एकत्र जोडायला मला एक क्षण लागला. आईने आधीच जोडलं होतं.

भावाला तिकडे जायला अर्धा-पाऊण तास लागणार होता. मी त्याला निघायला सांगितलं आणि काकूंचा नंबर घेतला. पहिल्यांदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा उचलला.

"कोण बोलून राहिलं?"

मी कोण ते सांगितलं. म्हटलं, काकू, तुम्ही लगेच घराबाहेर निघा, भिंतीतून वाईट हवा येत असेल.

"दिल्लीहून तुले माझ्या भिंतीतलं दिसते का?" त्यांचा आवाज झोपेने जड होता. किंवा झोपेने नसेल. "तुह्या आईनं सांगितलं असंल. तिले तोंड नाही का? तिच्या तोंडानं बोल म्हणा. नाही तर मले निजू दे."

मी आईसमोर फोन धरला. तिने तो घेतला नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. फोनमधून काकूंचा श्वास ऐकू येत होता, जरा जास्तच जवळून.

"मी आहे," आई म्हणाली.

तिने मान फोनच्या जवळ नेली.

"ऐकू येऊन राहिलं का? मी आहे."

"आलं," काकू म्हणाल्या.

"काडेपेटी कुठं आहे तुही? देवाजवळ आहे ना? उदबत्ती लाव आणि भिंतीच्या बुडाशी धर."

"मले काय शिकवतेस? माझ्या घरचाही सरदारच होता."

"मग धर ना."

खुडबुड ऐकू आली. काडी ओढल्याचा आवाज. मी आणि माझी मुलगी आईच्या दोन्ही बाजूंना उभ्या होतो आणि कुणीच बसत नव्हतं.

"बाहेर येऊन राहिला," काकू म्हणाल्या. "धूर बाहेर येऊन राहिला वं. असा कधी नाही आला."

"आता काडी पेटव आणि खाली ने. फरशीपर्यंत."

पुन्हा काडी.

"विझली."

"दुसरी."

"तीही विझली."

"आता बाहेर निघ," आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "काही घेऊ नको. फोन घेऊन निघ. रस्त्यापर्यंत जा."

दार वाजलं, पावलं वाजली, मग मोकळ्या जागेचा आवाज आला, लांब कुठे ट्रॅक्टर. काकू धापा टाकत होत्या. मुलीने माझा दंड धरला. मला वाटलं झालं, सुटलो.

"माझी मांजर आत राहिली," काकू म्हणाल्या. "चटईवर निजली होती. हाक मारली, ती उठून नाही राहिली. मी आणतो तिले. एका मिनिटात आणतो."

"नाही."

"एका मिनिटाचं तर काम आहे. श्वास धरून जातो."

"नाही म्हटलं ना मी."

"तुहं काय जाते? माझी मांजर आहे. दिवसभर तीच एक असते माझ्याजवळ."

आईने चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता आणि त्यातून पाणी येत होतं. डॉक्टरांनी चष्मा काढू नका म्हणून बजावलं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "तुह्या मालकानं त्या दिवशी जे केलं, ते तू आता कर. दाराशी हात आडवे करून उभी राहा. कोणाले आत जाऊ देऊ नको. तूही जाऊ नको."

ट्रॅक्टरचा आवाज जवळ येऊन गेला.

"उभी आहे," काकू म्हणाल्या.

"किती वेळ लागला तरी."

"हाव. उभी आहे मी."

भाऊ पोचेपर्यंत दोघींनी फोन ठेवला नाही. बोलल्या मात्र काहीच नाहीत. मधूनच आई विचारायची, "आहेस का?" आणि तिकडून उत्तर यायचं, "आहे."

भावाने लांबूनच दगड मारून मागच्या खिडकीच्या काचा फोडल्या. संध्याकाळी पाऊस होऊन आभाळ निवळलं, आणि दुसऱ्या दिवशी हवा मोजायचं यंत्र घेतलेला माणूस आत जाऊन आला. मांजर त्याने गोणपाटात गुंडाळून आणली.

त्यानंतरचं सगळं माझ्या हातचं काम होतं आणि मी ते केलं. फोन केले, अर्ज पाठवले, ज्याला भेटायचं त्याला भावाला भेटायला लावलं. स्लॅबला भोक पाडून, भरलेल्या राख-मातीतून तळापर्यंत जाणारा उंच पाईप बसवून घेतला, वरून वाकवलेला, तोंडाला जाळी, म्हणजे हवेला तिचं जुनं तोंड परत मिळालं. दोन्ही घरं रिकामी केली. तिथे आता कुणी राहणार नाही, हे आईने एकदाच ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. मी वादाची तयारी करून बसले होते, मुद्देही काढून ठेवले होते. ते वाया गेले. आई आता आमच्याकडेच असते. काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे खालून कोळसा काढलेला नाही, तिथे पुतण्याकडे राहतात.

पण त्या रोज सकाळी जुन्या घरांपाशी जातात. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, तुळशीला पाणी घालायला. पाईपाची हवा बघून तिथूनच त्या आईला फोन करतात. बोलणं दोन शब्दांचं असतं. "आत" किंवा "बाहेर". आई "बरं" म्हणते आणि दोघी ठेवून देतात. इतक्या वर्षांचं बोलणं साचलेलं असेल असं मला वाटलं होतं. ते त्या दोघींना लागत नाही असं दिसतं.

फ्रिजवरच्या यादीतली उदबत्तीची ओळ मी खोडली नाही. आई घरात फिरते, मग खाली जाऊन बोअरच्या पाईपापाशी उभी राहते. कधी मीही जाते. बिल्डरचा पंप चालूच आहे. आमच्या लिफ्टजवळच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक रेघ आलीय. इंजिनिअर म्हणतो प्लास्टरची आहे. असेलही. मी तिच्यावर बोट ठेवून बघते आणि पुढे जाते.

परवा सकाळी काकूंचा फोन आला तेव्हा आई अंघोळीला गेली होती. मी उचलला.

"तूच ऐक मग," त्या म्हणाल्या. "आज मोठ्यानं वाजून राहिला. थांब."

त्यांनी फोन पाईपाशी धरला असावा. आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीच्या मागे एक लांब, ओला सुस्कारा, कुणी खूप खोल जाऊन बसलं असावं आणि आता हळूहळू सोडत असावं तसा. तो संपला असं वाटलं, आणि संपला नाही.

अंघोळ करून आलेली आई दारात उभी होती, केसांना टॉवेल गुंडाळून.

"आत की बाहेर?" तिने विचारलं.

मी फोन कानाशी धरून तशीच उभी राहिले. "बाहेर," मी म्हटलं.

"खिडक्या उघड," आई म्हणाली.

इथल्या खिडक्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी एकेक करून सगळ्या उघडल्या.